दादांचं रिव्हॉल्व्हर आणि माझं अस्तर

ती. दादा यांस,

गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि मांडीवर कुणाचा तरी अर्धवट कोट, अशा अवस्थेत माणसाला जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (टाचण्या आता काढून ठेवल्या. तोंडात टाचण्या असल्या की मी मोजकं बोलतो, म्हणून तुमची बहीण मला दिवसभर शिवतच ठेवते. आज मात्र मोजक्यात भागणार नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? तिचं म्हणणं असं, की दादाचा गुडघा बरा असला की तो पत्रात पानभर गुडघ्यावरच लिहितो, आणि खरंच दुखत असला की त्याचं नावही काढत नाही. गेल्या पत्रात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता, तेव्हापासून ती काळजीत आहे. कृपा करून दुखत असल्यास लिहा आणि दुखत नसल्यासही लिहा. आम्ही इकडे ठणठणीत. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, पण सुईत दोरा अजून मीच ओवतो. (बरेचदा.)

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमच. ‘रिव्हॉल्व्हरच. चर्चा नको.’ आणि खाली सही. मला ते फार आवडलं. सगळी हयात फौजेच्या शस्त्रागारात काढलेल्या माणसानं असंच लिहावं. आमच्यासारख्यांना साध्या बटणाचा रंग ठरवायला गिऱ्हाइकाबरोबर अर्धा तास घालवावा लागतो, आणि तुम्ही तीन शब्दांत माणसाच्या जिवाचा निकाल लावता. मी चर्चा करणार नाही. पुढे जे लिहितोय ती चर्चा नव्हे, नुसती हकिकत आहे, आणि हकिकत ऐकायला तुमची हरकत नसावी.

मुळापासून सांगतो, कारण तिनं तुम्हाला फोनवर ‘जरा कुरबुर झाली’ एवढंच सांगितलं असणार. गावाबाहेर विटांची एक भट्टी आहे आणि भट्टीला लागून एका म्हातारीचं शेत. भट्टीवाल्याला मातीची भूक भारी, त्यामुळे त्यांच्या हद्दीच्या दगडाला पाय फुटलेत. दर वर्षी तो दगड म्हातारीकडे थोडा सरकतो. म्हातारीनं अर्ज केला, आणि मोजणी खात्यानं हद्द कायम करायला तुमच्या बहिणीला पाठवलं. ती तिवई, दुर्बीण आणि साखळी घेऊन गेली, निम्मी हद्द मोजून झाली, तेवढ्यात भट्टीवाला आला आणि अगदी लाघवी आवाजात म्हणाला, की बाई, पुन्हा मोजायला आलात तर तुमचीच मोजणी करून ठेवू, साडेपाच फूट लांब आणि दोन फूट रुंद. हे तिनं मला घरी आल्यावर भाजी निवडता निवडता सांगितलं. माझ्या हातातली कात्री खाली पडली. ती मात्र म्हणाली, की त्यानं माझी उंची दोन इंच जास्त धरली, एवढाही अंदाज नाही त्या माणसाला, दगड चुकणार नाही तर काय. (दादा, तिची उंची खरोखर पाच फूट चारच आहे. लग्नाआधीपासून तिची मापं माझ्याकडे आहेत, त्याबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये.) ही तुमची बबडी. तुम्ही तिला अजून बबडीच म्हणता, आणि इकडे हाताखालची माणसं ती आली की विड्या विझवतात.

तिच्या साहेबांनी हे ऐकलं आणि ते घाबरले. साहेब घाबरले की कामं भराभर होतात. परवाना मिळाला, एकाच शस्त्राचा, आणि अट अशी, की शस्त्र जवळ आहे हे बघणाऱ्याला कळता कामा नये. तुम्हाला कळलं मात्र, तुम्ही स्वतःचं रिव्हॉल्व्हर तिच्या नावावर करायला पाठवूनही दिलंत. ते रीतसर इथल्या बंदुकीच्या दुकानात आलं. दुकानदाराला सगळा बाजार काडतूस म्हणतो. बुटका, गोल आणि वर टक्कल चकचकीत, त्यामुळे नाव कुणी ठेवलं हे विचारायची गरज पडत नाही. मागच्या अंगाला नेमबाजीची जागाही त्याचीच आहे. त्यानं तुमची पेटी उघडली आणि बोलायचा थांबला. काडतूस बोलायचा थांबला हे मी इथल्या कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही.

काय वस्तू आहे हो ती! मला शस्त्रातलं काही कळत नाही, पण निगा राखलेली वस्तू मी ओळखतो. मुठीचं लाकूड तुमच्या तळव्यानं गुळगुळीत झालेलं, गोळ्यांची चक्री फिरवली की घड्याळासारखी टकटकत थांबते, कुठे तेलाचा थेंब जास्त नाही, कुठे कमी नाही. आणि स्वभाव तर फारच सरळ. काडतूस म्हणाला, यात भानगडच नाही, चाप ओढा की गोळी सुटते, आणि एखादी गोळी फुसकी निघाली तर परत चाप ओढा, चक्री फिरते आणि दुसरी पुढे येते. रुसणं नाही, अडणं नाही, वर्षभर कपाटात ठेवा आणि काढा, तयारच. असा माणूसही हल्ली मिळत नाही. मी तिथल्या तिथे म्हणालो की बांधा.

पण काडतूस शेवटी दुकानदार. त्यानं शेजारी एक पिस्तूल काढून ठेवलं. चपटं, काळं, दिसायला काहीच नाही. म्हणाला, हे एकदा हातात घेऊन बघा, गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत येते, चाप हलका, आणि याच्याबरोबर दोन मॅगझिन मिळतील. मी त्याला सांगितलं, की आमच्याकडे वाचायला कुणाला वेळ नाही, एक साप्ताहिक येतं तेच पडून असतं. काडतूसानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी, जी मुठीतून वर सरकवतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर त्यानं विचारलं, सेफ्टी कुठे असते ठाऊक आहे का, तेव्हा मी कॉलरमागची सेफ्टीपिन काढून दाखवणार होतो, पण तिनं माझा हात धरला. मला वाटतं आमच्या संसारात तिनं सर्वांत जास्त वेळा केलेलं काम हेच असेल.

असो. निर्णय तुम्ही दिलेलाच होता, प्रश्न फक्त लपवण्याचा, आणि तो माझ्या धंद्यातला. शस्त्र घरी आणायच्या आधी कपडा तयार हवा, म्हणून मी आमच्या सुताराकडून दोन्हीच्या लाकडी प्रतिकृती करून घेतल्या. आत पोकळी ठेवून त्यात पडद्याच्या काठात घालतो ती शिशाची वजनं भरली, म्हणजे भार अगदी तंतोतंत. (दोन कशाला, असं तुम्ही विचाराल. सुतार म्हणाला एकाच लाकडात दोन निघतात. दुसरा काही हेतू नव्हता.) मग आमच्या घरात सुरू झाली ट्रायल. तुमच्या नमुन्याचं जाकीट पहिल्यांदा कमरेला खिसा देऊन शिवलं. चक्री एवढी पुढे आली, की शेजारच्या बाईंनी जिन्यात तिला हळूच विचारलं, काही गोड बातमी आहे का. आमची मुलगी आता स्वतः बाळंतपणाला यायच्या वयाची. मग खिसा काखेखाली नेला. तिथे तो छान बसला, पण काढताना रिव्हॉल्व्हरच्या पाठीवरचा घोडा, गोळीवर आपटतो तो आकडा, अस्तरात अडकायचा. ती सर्रकन हात घालायची, आणि रिव्हॉल्व्हरबरोबर अस्तर, अस्तराबरोबर कॅनव्हास, कॅनव्हासबरोबर खांद्याचं पॅड, अशी मिरवणूकच बाहेर यायची. मी अस्तर बदललं. मी खिशाला गुळगुळीत साटीन लावलं. मी घोड्यासाठी वेगळी खाच ठेवली. घोडा माझ्यापेक्षा हुशार निघाला. तुमच्या वस्तूत दोष नाही, दादा, दोष माझ्या हातात असणार. तरी सांगतो, या वयात मला शिवणकाम नव्यानं शिकवलं ते तुमच्या घोड्यानं, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

लाकडी पिस्तूल? ते काखेत ठेवलं आणि आम्ही विसरलो. धुवायला टाकताना सापडलं. पण तो विषय नाही.

मग काडतूसाकडे सराव. आधी मला वाटलं आपणही बघावं हातात धरून. पिस्तुलाचा वरचा पत्रा मागे ओढल्याशिवाय गोळी नळीत जात नाही. मी ओढला. मी दोन्ही हातांनी ओढला. मी मुठीला गुडघ्यात धरणार होतो, तेव्हा काडतूसानं ते माझ्याकडून काढून घेतलं आणि मला खुर्ची दिली. तुमच्या बहिणीनं मात्र तो पत्रा टेबलाचा खण ओढावा तसा ओढला. इतकी वर्षं साखळी ताणून मनगटं तयार झालीत तिची. मी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिलो. कान झाकलेले, एक डोळा मिटलेला, पाय बरोब्बर तेवढे फाकलेले जेवढे दुर्बिणीमागे उभं राहताना असतात. सांगायला लाज कशाला वाटावी, मला तिचा फार अभिमान वाटला. तिनं दोन्ही शस्त्रं चालवली. निशाणाचे कागद काडतूसाकडेच राहिले, त्यामुळे ते सोबत जोडत नाही. परत येताना मी विचारलं, काय ठरलं? ती म्हणाली, “दादाचंच घेते.” मी बरं म्हणालो. विषय संपला.

फक्त नावावर चढवायचे सोपस्कार व्हायला काही दिवस लागणार होते, दोन्ही शस्त्रं तोवर काडतूसाच्या कपाटात, आणि मोजणीची तारीख आली मध्येच. मी म्हणालो तारीख पुढे ढकल. ती म्हणाली, तारीख मी ढकलली तर दगड तो ढकलेल. मग मी म्हणालो, निदान जाकीट घालून जा, लाकडी रिव्हॉल्व्हर काखेत ठेव, उन्हात वाकताना शिलाई कशी बसते ते मला बघायचंय. आणि शिलाई बघायला मीही येतो. ती हसली. माझी शिलाई तिनं ओळखली होती.

शेतावर वारा असा, की छत्री माझ्या हातात राहीना. म्हातारी बांधावर बसलेली. भट्टीवाला आपल्या दोन आडदांड माणसांसह बरोब्बर हद्दीच्या दगडाजवळ उभा. तो नुसता हसत होता. तुमची बहीण दुर्बिणीला डोळा लावून वाकली, की वाऱ्यानं तिचे सगळे केस तोंडावर. तिनं ते मागे सारले, परत आले. परत सारले, परत आले. मग ती सरळ झाली, जाकिटाच्या खिशांवरून हात फिरवला, काखेशी चाचपलं आणि मला मोठ्यानं म्हणाली, “अहो, माझा चाप कुठाय?”

दादा, तुम्हीच विचार करा. इतके आठवडे आमच्या घरात चाप हा शब्द एकाच अर्थानं चाललेला. चाप जड, चाप हलका, चाप ओढताना श्वास धरायचा. बायका केसांना चाप लावतात हे मी साफ विसरलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, “चाप? इथे? सगळ्यांसमोर?” त्यावर ती वैतागून म्हणाली, “मग कुठे? समोरचं काही दिसेना झालंय मला. आता लावल्याशिवाय काम पुढे जायचं नाही.” आणि परत काखेत हात घातला. भट्टीवाल्याच्या उजव्या बाजूच्या माणसाला भट्टीवर काही तरी पेटत ठेवल्याची आठवण झाली आणि तो निघाला. डावीकडच्याला त्याला सोबत करावीशी वाटली. भट्टीवाला तेवढा उभा राहिला, पण त्याचं हसू गेलं होतं. तेवढ्यात तिला चाप सापडला, नकाशाच्या फळीलाच लावलेला होता. तिनं केस बांधले, चालत त्याच्या अगदी समोर गेली आणि कचेरीत बोलावी तशा आवाजात म्हणाली, “बाजूला व्हा. दगडावर उभे आहात.”

तो बाजूला झाला, दादा. तिच्याजवळ काय होतं? एक केसांचा चाप आणि शिशानं भरलेला लाकडाचा तुकडा. आणि तोही काखेत नव्हताच, कारण घोड्यानं अस्तर फाडून तो केव्हाच खाली उतरला होता, आणि जाकिटाच्या मागच्या घेरात लोंबकळत होता. सबंध हद्द तिनं तो ठोकळा मागे आपटत मोजली. दगड मूळ जागी गेला, म्हातारीनं त्याला हात लावून बघितला, आणि भट्टीवाल्याला तुमच्या बहिणीनं शब्दशः चाप लावला. अशी बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि ती माझ्याशी लग्न करून बसली याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तर एकंदरीत तुमचं म्हणणं तेच तिचं आणि तिचं तेच माझं. रिव्हॉल्व्हरच. काडतूस येत्या आठवड्यात कागद पुरे करतो म्हणाला. चर्चा झाली नाही याची नोंद घ्यावी. गुडघ्याला शेक द्या, उन्हात फिरू नका, आणि लोभ आहेच, तो शिलाईसारखा घट्ट ठेवा.

आपला आज्ञेतला मेहुणा,
शिंपी

ता. क. निशाणाच्या कागदांबद्दल वर लिहिलं ते पुरतं खरं नाही. कागद माझ्यापाशी आहेत. तुमच्या रिव्हॉल्व्हरचा चाप तिच्या बोटाला जड जातो, ओढता ओढता नळी खाली जाते, आणि भोकं सगळी माणसाच्या चित्राच्या बाहेर, जमिनीत. पिस्तुलाची सगळी भोकं छातीत, माझ्या तळव्याखाली झाकतील एवढ्या जागेत. काडतूसानं तिला सांगितलं, बाई, तुमचं हत्यार हे. त्याला तुमचं रिव्हॉल्व्हर विकत घ्यायचं होतं म्हणून नव्हे. तो खरंच सांगत होता.

आणखी एक. तिलाही ते कळतं. तिनं रिव्हॉल्व्हर निवडलं ते ते बरं म्हणून नव्हे, तुमचं म्हणून. ‘दादानं आयुष्यभर कमरेला लावलेली वस्तू काढून मला दिली, मी ती काडतूसाच्या कपाटात ठेवू?’ एवढंच म्हणाली आणि दिवा घालवला. मला भीती वाटते, दादा. एक ना एक दिवस भट्टीवाल्याला कळेल की तो केसांचा चाप होता. त्या दिवशी तिच्या हातात जे असेल ते अस्तरात अडकता कामा नये. तिला मी सांगून उपयोग नाही, मी घाबरट म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हा हे पत्र लिहिण्याचं खरं कारण. तुम्ही तिला एक खोटं पत्र लिहा. लिहा, की तुम्हाला रिव्हॉल्व्हरशिवाय करमत नाही, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट समज, पण परत पाठव. तुमच्यावाचून तिला यातून कुणी मोकळं करू शकत नाही. तीन शब्दांत लिहिलंत तरी चालेल. आणि मी काही लिहिल्याचं तिला कळू देऊ नका.

दादा,
यांनी पत्र लिहिलं, घडी घातली, पाकिटात घातलं, पत्ता लिहिला आणि चिकटवायला माझ्याकडेच आणून दिलं. असंच आहे यांचं.
सगळं वाचलं. चपटं पिस्तूलच बरं आहे, हे खरं आहे. मला तुला सांगायला जीभ रेटेना. तू परत मागितलंस तर देईन, पण पार्सलनं नाही, काडतूसाकरवी नाही, कुणाच्याच हाती नाही. वहिनी गेल्यापासून तू तुझं दार ओलांडलेलं नाहीस. गुडघ्याचं मला सांगू नकोस. तुझं रिव्हॉल्व्हर तुला हवं असेल तर न्यायला ये, आणि आलास की लगेच जाऊ नकोस. मागची खोली उघडून ठेवली आहे.
बबडी